मोडक्या चकल्या

आमच्या घरी दिवाळीच्या आधी चार दिवस स्वयंपाकघरात दोन डबे शेजारी शेजारी ठेवलेले असत. एक मोठा, पितळेचा, घट्ट झाकणाचा. दुसरा पत्र्याचा, बिस्किटांचा, एका कोपऱ्यात चेपलेला. चकल्यांचा घाणा निघाला, की आई झाऱ्यावर तेल निथळवीत प्रत्येक चकलीकडे क्षणभर पाही आणि मग तिची रवानगी दोहोंपैकी एका डब्यात करी. वेटोळे नीट बसलेली, टोक चिकटलेली, काटे उमटलेली चकली पितळी डब्यात जाई. उलगडलेली, मोडलेली किंवा जरा जास्तच लाल झालेली पत्र्याच्या डब्यात. करंज्यांचेही तेच. तेलात फुटून सारण सांडलेल्या करंज्या पत्र्याच्या डब्याच्या मालकीच्या. पितळी डबा शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे पाठवायच्या ताटांसाठी असे. पत्र्याचा डबा आमच्यासाठी.

मी तेव्हा आठ-नऊ वर्षांचा असेन. एकदा न राहवून म्हणालो,

"आई, अगं, आपल्या घरच्या चकल्या आपल्यालाच का नाही मिळत?"

"मिळतात की. आता खातोयस ते काय आहे?"

"ही मोडकी आहे."

"चव मोडलीय का तिची?"

याला उत्तर नव्हते. तरीही मी हट्टाने म्हणालो, "मग काकूंकडे मोडक्या पाठव ना!"

आई हसली. सोऱ्या फिरवता फिरवता म्हणाली, "अरे, लोकांकडे जायच्या आहेत म्हणून तर एवढं भाजणीचं माप बघते, मोहन बघते. नुसत्या तुमच्यासाठी करायच्या असत्या, तर तुम्ही काय, कशाही केल्या तरी खाल्ल्या असत्यात."

त्या वेळी मला राग आला होता. आई करते ते आमच्यासाठी नव्हे, लोकांसाठी, असा त्याचा सरळ अर्थ माझ्या बालबुद्धीने लावला. पुढे पुष्कळ वर्षांनी त्याच उत्तराचा दुसरा पदर ध्यानात आला. पत्र्याच्या डब्यातल्या मोडक्या चकल्याही खुसखुशीत असत. कारण त्या त्याच भाजणीच्या, त्याच मोहनाच्या आणि त्याच कढईतल्या असत. लोकांच्या डोळ्यांसाठी आईने जी मेहनत घेतली, तिची चव आमच्या जिभेला मिळत होती. मग ती चकली लोकांसाठी होती की आमच्यासाठी? हा प्रश्न तिच्या बाबतीत नीट सुटतच नव्हता.

आणि खरे सांगायचे तर, माणसाच्या बहुतेक करणीच्या बाबतीत तो सुटत नाही. आपण नीटनेटके कपडे घालतो, पाहुण्यांशी गोड बोलतो, देणगी देतो, मुलांना शिकवतो, गोष्टी लिहितो. हे आतल्या ऊर्मीने करतो, की चार माणसांनी बरे म्हणावे म्हणून? उपदेश करणाऱ्यांनी याचे उत्तर फार सोपे करून ठेवले आहे. आतून येते ते खरे, लोकांसाठी केले ते खोटे. असावे तसे दिसावे; दिसण्यासाठी काही करू नये. शाळेच्या भिंतीवर रंगवायला हा सुविचार छान आहे. मीही तो फळ्यावर अनेकदा लिहिला आहे. लिहिताना अक्षर वळणदार यावे म्हणून खडू जपून धरला होता, हेही मला चांगले आठवते.

या दिसण्याच्या खटाटोपावर एर्व्हिंग गॉफमन नावाच्या समाजशास्त्रज्ञाने एक अख्खे पुस्तकच लिहिले आहे. १९५६ साली ते एडिंबरोला प्रथम छापले गेले. स्कॉटलंडच्या उत्तरेला समुद्रात शेटलंडची बेटे आहेत. तिथल्या एका लहानशा शेतकरी वस्तीत जाऊन तो राहिला, आणि माणसे एकमेकांपुढे कशी वावरतात ते त्याने बारकाईने पाहिले. त्याने टिपलेली एक गंमत मला फार आवडते. तिथल्या घरांत उजेड कमी आणि बाहेर सगळे मोकळे. चहाला येणारा शेजारी आतल्या माणसांना दुरून दिसे; आतली माणसे मात्र त्याला दिसत नसत. तो आपल्याच तंद्रीत, चेहरा जसा असेल तसा ठेवून चालत येई. दाराशी पोचण्याआधी मात्र तो चेहरा पुसून टाकी आणि त्या जागी हसरा चेहरा बसवी. आतली मंडळी हा पालट पाहून खूश होत. काही शेजाऱ्यांना हे ठाऊक झाले होते. ते बिचारे घर बरेच लांब असतानाच हसरा चेहरा करून चालू लागत!

हे वाचून मी हसलो. मग मनात आले, आपल्याकडच्या जिन्यांवर याहून निराळे काय घडते? पाडव्याच्या दिवशी कुणाकडे जायला निघालेल्या नवराबायकोंची जिन्यात धुसफूस चाललेली असते. "तुम्हाला मेलं वेळेवर निघणं कधी जमलंय का!" हे वाक्य अर्धे तोंडात असतानाच घंटीवर बोट पडते, आणि दार उघडेपर्यंत दोघेही प्रसन्न! याला ढोंग म्हणायचे का? मला तसे वाटत नाही. दार उघडणाऱ्या बाईंनी सकाळपासून घर आवरलेले असते, उंबऱ्यापाशी रांगोळी रेखलेली असते. आपल्या घरचे भांडण त्या रांगोळीवर नेऊन सांडायचे नाही, एवढी जाण त्या घाईघाईने बसवलेल्या हसण्यात असते. आणि मौज अशी, की तासाभराने तोच जिना उतरताना ते भांडण पुष्कळदा विरून गेलेले असते. बाहेरून लावलेले हसू आत झिरपलेले असते.

तेव्हा लोकांचे डोळे माणसाला बिघडवतातच असे नाही. ते त्याला कामालाही लावतात. १८९८ साली अमेरिकेत नॉर्मन ट्रिप्लेट नावाच्या संशोधकाने याचा एक साधा प्रयोग केला होता. सायकलस्वार एकटा असताना जितका वेगाने जातो, त्याहून सोबत कुणी असले की अधिक वेगाने जातो, हे त्याने पाहिले होते. मग त्याने चाळीस मुलांना मासेमारीच्या गळाचे रीळ फिरवायला दिले, कधी एकट्याने, कधी दुसऱ्या मुलाच्या शेजारी. शेजारी कुणी असले की निम्म्या मुलांचे हात झपाट्याने चालू लागले. काहींना फारसा फरक पडला नाही. आणि काही मुले मात्र गडबडून उलट मंदावली.

ही गडबडलेली मुले शास्त्रज्ञांना पुष्कळ वर्षे कोड्यात टाकून होती. १९६५ साली रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञाने त्या कोड्याचे एक उत्तर मांडले. जे काम माणसाच्या हाती बसलेले आहे, ते इतरांच्या देखत अधिक चांगले होते. जे अजून शिकायचे आहे, ते इतरांच्या देखत बिघडते. हे वाचल्यावर मला वाटले, कुठल्याही शिक्षकाने हे केव्हाच सांगितले असते. सतराचा पाढा घोकून आलेल्या मुलीला वर्गापुढे उभी करा. ती खड्या आवाजात म्हणून दाखवील. तिलाच काल शिकवलेले नवे गणित फळ्यावर सोडवायला सांगा. तिच्या हातातला खडू मोडेल. शिकणे ही झाकल्या मुठीत करायची गोष्ट आहे. बी मातीखाली रुजते. ते रुजले की नाही हे पाहण्यासाठी रोज उकरणारा माळी शहाणा नव्हे.

हे शहाणपण मी आज सांगतो आहे. ज्या दिवशी ते माझ्याजवळ असायला हवे होते, त्या दिवशी नव्हते. ती गोष्ट सांगितल्याशिवाय या लेखाला काही अर्थ राहणार नाही.

नोकरीची माझी पहिलीच वर्षे. शाळेची तपासणी आली. "साहेब येणार आहेत. वर्ग जिवंत दिसला पाहिजे," एवढेच वरून सांगण्यात आले होते. मी तरुण होतो, नाव मिळवायची घाई होती. जुन्या शिक्षकांत एक युक्ती चालत आलेली होती, ती मी ऐकून होतो. आदल्या दिवशी मी वर्गाला म्हणालो, "उद्या मी प्रश्न विचारला, की सगळ्यांनी हात वर करायचा. ज्याला उत्तर येतं त्याने उजवा, येत नाही त्याने डावा. मी उजव्या हातालाच विचारीन." मुलांना हा खेळ वाटला. त्यांनी तो मनापासून खेळला. दुसऱ्या दिवशी माझ्या प्रत्येक प्रश्नाला वर्गात हातांचे रान उभे राहिले, आणि प्रत्येक वेळी उत्तर बिनचूक आले. साहेब प्रसन्न झाले. शेरेबुकात माझ्या वर्गाविषयी दोन ओळी चांगल्या पडल्या. त्या दोन ओळी मी त्या आठवड्यात तीनदा वाचल्या.

माझ्या वर्गात एक मुलगा होता. तिसऱ्या बाकावर, खिडकीशी बसे. हुशार नव्हता, पण त्याच्याजवळ एक गोष्ट होती, जी हुशार मुलांजवळही क्वचित असते. न समजलेले तो बिनदिक्कत सांगे. मी शिकवून झाल्यावर "समजलं?" असे विचारले, की सारा वर्ग एका सुरात "हो" म्हणे, आणि हा उभा राहून म्हणे, "गुरुजी, मला नाही कळलं." मग मी पुन्हा सांगे, आणि त्या दुसऱ्यांदा सांगण्याचा फायदा "हो" म्हणणाऱ्या निम्म्या वर्गाला होई. कधीकधी मला त्याचा त्रासही वाटे, हे कबूल केले पाहिजे.

तपासणीनंतर आठवड्याने मी अपूर्णांकांची बेरीज शिकवायला घेतली. शिकवून झाले. "समजलं?" म्हणून विचारले. या वेळी तो उभा राहिला नाही. त्याने डावा हात वर केला. वर्ग हसला, मीही हसलो आणि पुढे गेलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा डावा हात. मला ती थट्टा वाटली. मग काही दिवसांनी डावा हात दिसेनासा झाला आणि उजवा हात वर येऊ लागला. मी मनात म्हणालो, चला, याच्या डोक्यात उजेड पडला! आणि पुढच्या धड्याला लागलो. हात वर आला म्हणून मी त्याला प्रश्न विचारला नाही. आणि प्रश्न विचारला नाही म्हणून मला काही कळले नाही.

वार्षिक परीक्षेचे पेपर तपासताना त्याचा पेपर हाती आला. अर्धा आणि एक तृतीयांश यांची बेरीज त्याने दोन पंचमांश लिहिली होती. वरच्या आकड्यांत वरचे, खालच्या आकड्यांत खालचे मिळवून. पहिल्याच दिवशी त्याला जी शंका आली असेल, ती तशीच्या तशी त्या कागदावर वर्षभर थांबून राहिली होती. "मला नाही कळलं" हे वाक्य त्याच्याजवळ होते तोवर त्याला गणित येण्याची आशा होती. ते वाक्य मी त्याच्याकडून काढून घेतले होते. रागावून नव्हे, मारून नव्हे. न येणे हे लपवायचे असते, आणि लपवायचा एक सभ्य मार्गही असतो, एवढेच मी त्याला शिकवले होते. वर्षभरात माझ्याकडून तो जे काही शिकला, त्यात तेवढेच पक्के बसले होते.

पुढल्या वर्षी मी वर्गाला सांगितले, की माझ्या वर्गात यापुढे डावा हात आधी. ज्याला येत नाही त्याच्याकडे मी पहिल्यांदा येईन. मुलांचा विश्वास बसायला बरेच महिने लागले. तो मुलगा मात्र वडिलांच्या बदलीमुळे गाव सोडून गेला होता. त्याचे देणे माझ्याकडे राहून गेले.

गांधीजींच्या आत्मकथेत असाच एक तपासणीचा प्रसंग आहे. राजकोटच्या हायस्कुलातले त्यांचे पहिलेच वर्ष. जाइल्स नावाचे तपासनीस आले आणि त्यांनी मुलांना पाच इंग्रजी शब्द लिहायला सांगितले. त्यांतला 'केटल' हा शब्द मोहनदासने चुकीचा लिहिला. शिक्षकांनी बुटाच्या टोकाने त्याला खुणावले, की शेजारच्याच्या पाटीवर बघ. त्याला ती खूण कळलीच नाही. शिक्षक आहेत ते मुलांनी एकमेकांचे पाहू नये म्हणून, असे त्याला वाटत होते! वर्गात सगळ्यांचे सगळे शब्द बरोबर आले. एकटा मोहनदास चुकला.

ही गोष्ट मुलांना सांगताना आपण नेहमी त्या मुलाविषयी बोलतो. मला मात्र ती वाचताना दर वेळी ते शिक्षक दिसतात. ते वाईट गृहस्थ नसणार. मुलाला शिक्षा व्हावी असे त्यांच्या मनात नव्हते. आपला वर्ग चांगला दिसावा, एवढेच होते. तो बूट मला ओळखीचा वाटतो. आणि त्या प्रसंगाने शिक्षकांविषयीचा आपला आदर उणावला नाही, असे गांधीजी लिहितात, तेव्हा मला दिलासा वाटण्याऐवजी अधिकच लाज वाटते.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. माझी आई चकल्या करीत होती त्या लोकांनी बरे म्हणावे म्हणून. मी वर्ग सजवला तोही लोकांनी बरे म्हणावे म्हणून. प्रेरणा एकच. मग एकीतून खुसखुशीत चकली निघाली आणि दुसरीतून दोन पंचमांश निघाले, असे का?

पुष्कळ विचारांती मला एक फरक दिसतो. चकली चांगली दिसावी यासाठी ती चांगली करावीच लागते. भाजणी बिघडली तर चकली तेलात विरघळते. मोहन कमी पडले तर कडक होते. तिथे दिसण्याचा रस्ता करण्यावरूनच जातो, दुसरी वाट नाही. वर्ग हुशार दिसावा यासाठी मात्र तो हुशार व्हावा लागत नाही. हात वर झाले की पुरते. तिथे दिसण्याने करण्याची जागाच घेतली. ज्या दिखाव्यासाठी ती गोष्ट खरोखर करावी लागते, तो दिखावा माणसाला घडवतो. ज्या दिखाव्यामुळे ती गोष्ट करण्याची गरजच उरत नाही, तो माणसाला आतून पोखरतो. लोकांसाठी व्यायाम करणाऱ्याचे शरीर कमावले जाते; लोकांसाठी सदऱ्याच्या खांद्यांत कापूस भरणाऱ्याचे कमावले जात नाही. दोघांनाही वाहवाच हवी असते. पण वर्षाअखेरीस एकाजवळ बळ असते आणि दुसऱ्याजवळ कापूस.

कोणी म्हणेल, मग पहिल्या प्रकारच्या दिखाव्यात काहीच धोका नाही का? आहे. तो थोडा सूक्ष्म आहे. १९७३ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग त्या दृष्टीने विचार करण्याजोगा आहे. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत चित्रे काढण्याची मनापासून आवड असलेली तीन ते पाच वर्षांची मुले निवडली. काही मुलांना आधीच सांगितले, की चित्र काढलेस तर तुला फीत लावलेले, तुझे नाव घातलेले शाबासकीचे पत्र मिळेल. काहींना काही न सांगता शेवटी अचानक तेच पत्र दिले. काहींना काहीच दिले नाही. पुढे काही दिवसांनी वर्गात रंगीत पेने नुसतीच मांडून ठेवली आणि कोण आपणहून चित्रे काढते ते पाहिले. शाबासकीच्या बोलीवर ज्यांनी चित्रे काढली होती, ती मुले आता इतरांच्या जवळजवळ निम्माच वेळ चित्रांपाशी रमली. ज्यांना ती अचानक मिळाली, किंवा मिळालीच नाही, त्यांची हौस पूर्वीसारखीच होती.

शाबासकी वाईट नव्हे. सौदा वाईट. चित्र ही त्या मुलांची स्वतःची गंमत होती. तिची बोली ठरली तशी ती मजुरी झाली. म्हणजे प्रेरणा ही काही जमिनीत एकदाच रोवलेला खांब नव्हे. ती वाहती आहे. लोकांसाठी आरंभलेले काम वाहता वाहता आपले होऊ शकते, आणि आपले असलेले काम वाहता वाहता लोकांचे होऊ शकते. तेव्हा 'हे तू कुणासाठी करतोस?' या प्रश्नापेक्षा 'हे आता कुणीकडे वाहत चालले आहे?' हा प्रश्न अधिक कामाचा आहे.

मात्र हा प्रश्न फक्त स्वतःला विचारायचा. दुसऱ्याला विचारू गेलो, तर आपली फसगत होण्याचा संभव फार. पंचहौदच्या चहाचे प्रकरण आपल्यापैकी अनेकांनी वाचले असेल. १४ ऑक्टोबर १८९० रोजी पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये शहरातली प्रतिष्ठित मंडळी जमली होती. तिथे चहा-बिस्किटे आली. कुणी घेतली, कुणी पेला हाती घेऊन तसाच ठेवला. पुढे गोपाळराव जोशी, म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंचे पती, यांनी हजर असलेल्यांची नावे 'पुणे वैभव' पत्रात छापून आणली. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, ग्रामण्य माजले. या मंडळींत लोकमान्य टिळक होते, माधवराव रानडे होते. टिळकांनी आपण काशीला प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. रानड्यांनी १८९२ साली प्रायश्चित्त घेतले, आणि सुधारक म्हणवणाऱ्या पुष्कळांनी त्यांनी कच खाल्ली म्हणून त्यांना दोष दिला.

बाहेरून पाहिले तर हे सरळच दिसते. मनात एक आणि लोकांना दाखवायला दुसरे. चार लोकांच्या भीतीने वर केलेला डावा हात. पण रमाबाईंच्या १९१० साली प्रसिद्ध झालेल्या आठवणींत याची दुसरी बाजू दिसते. बहिष्कारामुळे मित्रांच्या घरी मोठी कोंडी झाली होती. त्यांची अडचण पाहून रानडे त्यांच्याबरोबर प्रायश्चित्ताला तयार झाले. खुद्द रमाबाईंनाही ते रुचले नव्हते. आता पाहा. ज्या सुधारकांच्या वर्तुळात रानड्यांना मान होता, ज्यांचे मत त्यांना मोलाचे असणार, त्यांच्याच डोळ्यांत त्यांनी स्वतःला उणे करून घेतले. प्रायश्चित्ताला बसलेल्या दोन माणसांपैकी एकजण आपली अब्रू वाचवायला बसला असेल आणि दुसरा आपली अब्रू खर्च करायला. पाट एकच, विधी एकच, पुरोहितही एकच. रानड्यांनी केले ते योग्य की अयोग्य, यावर वाद करता येईल, आणि तो झालाही आहे. पण नुसते कृत्य पाहून त्याच्या मागचा झरा सांगता येत नाही, एवढे या प्रकरणातून मी शिकलो आहे. म्हणून शेजाऱ्याने दिवाळीला दाराशी दिव्यांची आरास केली, की "किती हा दिखावा!" असे पुटपुटणारी जीभ मी आता आवरतो. त्या दिव्यांचा उजेड आमच्या अंधाऱ्या जिन्यातही पडत असतो.

स्वतःच्या बाबतीत मात्र मी तितका उदार राहू शकत नाही. माझी पहिली गोष्ट मी कुणाला न दाखवता लिहिली. ती ट्रंकेत पडून होती आणि मला रात्री झोप लागत नव्हती, अशी तिची गोडी होती. आता संपादकांचे पत्र येते, तारीख ठरते, आणि लिहिताना वाक्यावाक्याला एक अदृश्य साहेब माझ्या खुर्चीमागे उभा राहून शेरेबुक उघडतो. त्याला मी घालवू शकत नाही. घालवावा असेही वाटत नाही. तो नसता तर हा लेख मी फराळाच्या वासात कधीच पुरा केला नसता. फक्त मधूनमधून त्याच्याकडे पाठ फिरवून मी स्वतःला विचारतो: इथे मला खरोखरच काही कळले आहे, की नुसताच उजवा हात वर केला आहे? काही वाक्ये त्या प्रश्नाला टिकत नाहीत. ती खोडावी लागतात. बऱ्याचदा तीच सर्वांत देखणी असतात.

आई आता थकली आहे. आमच्या भागात ताटे फिरवण्याची पद्धतही जवळजवळ उरलेली नाही. ज्यांच्याकडे ताटे जात, त्यांच्यातली कित्येक माणसे नाहीत. जी आहेत, त्यांच्याकडे फराळ दुकानातून येतो. पितळी डबा माळ्यावर गेला. गेल्या दिवाळीत आईने हट्टाने थोड्या चकल्या करायला घेतल्या. जेमतेम दोन घाणे. हात कापत होता, तरी प्रत्येक चकलीचे शेवटचे टोक ती बोटाने दाबून बसवीत होती, पूर्वीसारखेच, घाई न करता.

मी म्हणालो, "आई, कशाला एवढं करत बसतेस? आता या कुणाकडे जायच्या नाहीत. कोण बघणार आहे?"

तिने वर न पाहताच उत्तर दिले, "कोण म्हणजे? मी बघतेय की."

कधीकाळी शेजारच्या काकूंचे असलेले डोळे आता तिचे स्वतःचे झाले होते. केव्हा झाले, ते तिलाही सांगता आले नसते. मी काही बोललो नाही. झाऱ्यावरची एक चकली काढताना मोडली. आईने ती सवयीने बाजूला काढली आणि माझ्या हातावर ठेवली.

चव मोडलेली नव्हती.